थ्रीव्ह : नदीतल्या बेटावरची उभी गढी आणि काळ्या डग्लसांचा शेवट (दीर्घ धागा)

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकाला गॅलोवे नावाचा प्रांत आहे. तिथे डी नदीच्या पात्रात एक सपाट, गवताळ बेट आहे आणि त्या बेटावर छप्पर नसलेला, करड्या दगडांचा एक चौकोनी मनोरा साडेसहाशे वर्षांपासून उभा आहे. त्याचे नाव थ्रीव्ह. आजच्या धाग्यात या एकाच वास्तूचा इतिहास पाहू. धागा लांब आहे. वाचून ठेवायचा असेल तर आताच जपून ठेवा.

थ्रीव्हविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. राजाने हा किल्ला ‘मॉन्स मेग’ नावाच्या महाकाय तोफेने फोडला, आणि ती तोफ जवळच्याच एका लोहाराने घडवली होती, अशी ती गोष्ट. गोष्ट देखणी आहे, पण ती टिकत नाही. ती का टिकत नाही हे पाहताना खरा इतिहास हाती लागतो, म्हणून तिच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी मनोरा बांधणाऱ्याकडे.

त्याचे नाव आर्चिबाल्ड डग्लस. रॉबर्ट ब्रूसचा सर्वांत विश्वासू सरदार जेम्स डग्लस याचा हा अनौरस मुलगा. जेम्स १३३० मध्ये ब्रूसचे हृदय सोबत घेऊन निघाला आणि स्पेनमध्ये तेबा येथील लढाईत मारला गेला. डग्लसांच्या ढालीवर हृदयाचे चिन्ह आले ते याच प्रसंगामुळे. आर्चिबाल्ड १३५६ च्या प्वातिएच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढला, इंग्रजांच्या हाती सापडला आणि निसटलाही. रणांगणावरच्या त्याच्या उग्र चेहऱ्यामुळे त्याला ‘ग्रिम’ हे उपनाव मिळाले, असे सांगतात.

१३६९ मध्ये राजा दुसरा डेव्हिड याने त्याला निथ आणि क्री या दोन नद्यांमधला पूर्व गॅलोवे बहाल केला. पश्चिमेकडचा भाग त्याने १३७२ मध्ये विकत घेतला. ही देणगी वाटते तितकी सुखाची नव्हती. गॅलोवे हा गेलिक बोलणारा, स्वतःचे कायदे आणि स्वतःची कुळे जपणारा प्रांत होता. ब्रूस आणि बॅलिअल यांच्या सिंहासनाच्या झगड्यात या प्रांताची निष्ठा प्रामुख्याने बॅलिअल घराण्याकडे राहिली होती. ब्रूसच्या उजव्या हाताचा मुलगा इथे धनी म्हणून येणे म्हणजे पराभूत पक्षाच्या उरावर बसणेच होते. मात्र आर्चिबाल्ड केवळ दंडेलीवर विसंबून राहिला नाही. १३८४ मध्ये राज्याच्या सभेत गॅलोवेचे जुने कायदे अबाधित राहावेत असा आग्रह त्यानेच धरला. उपरा धनी स्थानिक कायद्याचा कैवारी झाला. कारण त्या कायद्याने मिळणारी सत्ता आता त्याचीच होती.

अशा माणसाला घर कसे हवे होते, याचे उत्तर थ्रीव्ह देते.

‘थ्रीव्ह’ हे नाव जुन्या ब्रिटॉनिक भाषेतील ‘त्रेव्ह’, म्हणजे वस्ती, या शब्दापासून आले असे मानतात. म्हणजे हे बेट आर्चिबाल्डच्या आधीपासून नांदते होते. त्याने १३७० च्या दशकात तिथे जे बांधले त्याला इंग्रजीत टॉवर हाऊस म्हणतात. आपल्या भाषेत त्याला उभी गढी म्हणता येईल. चौसोपी वाडा जमिनीवर पसरतो, त्याचे दिवाणखाने, कोठ्या, मुदपाकखाना शेजारी-शेजारी असतात. उभ्या गढीत हीच दालने एकावर एक रचलेली असतात. जागा कमी लागते, पहारा कमी लागतो आणि शत्रूला आत येण्यासाठी दार एकच असते.

थ्रीव्हचा मनोरा सुमारे ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. भिंतींची जाडी ठिकठिकाणी ८ ते १० फुटांपर्यंत भरते. मजले पाच. पण दार तळमजल्यावर नाही, ते एक मजला वर आहे. त्या काळी तिथे लाकडी जिन्याने किंवा पुलाने पोहोचत असावेत. संकट आले की लाकूड काढून घ्यायचे, मग उरते ती फक्त सरळसोट भिंत.

दारातून आत शिरलेला माणूस येतो तो थेट स्वयंपाकघराच्या मजल्यावर. त्याच्या खाली तळघर : धान्यकोठार, विहीर आणि एका कोपऱ्यात वरच्या झडपेतून माणूस खाली सोडायची अंधारकोठडी. विहीर आत असणे वेढ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. चारी बाजूंना नदी असताना विहीर कशाला, असे वाटेल. पण शत्रू काठावर बसला की नदीचे पाणी दिसते, मिळत नाही. तळघर आणि स्वयंपाकघर या दोन्हींवर मिळून एकच दगडी कमान टाकलेली आहे. खालच्या बाजूला आग लागली तरी ती वर चढू नये आणि वरच्या मजल्यांचा भार पेलला जावा, ही दुहेरी सोय त्यात होती.

कमानीच्या वर दिवाणखाना. न्यायनिवाडा, मेजवान्या, भेटीगाठी इथे होत. त्याच्या वर धन्याची खासगी दालने, आणि सर्वांत वर शिबंदीचा मजला. मजले जोडणारा चक्राकार जिना भिंतीच्या जाडीतच कोरल्यासारखा एका कोपऱ्यात बसवला आहे. या रचनेत एक सामाजिक उतरंड दिसते : कैदी सर्वांत खाली, मग नोकर, मग पाहुणे, मग धनी. फक्त सैनिक धन्याच्या डोक्यावर राहतात, आणि त्याचे कारण सन्मान नसून तटाचे काम हे आहे. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या बाजूस भिंतीत चौकोनी खोबणी दिसतात. त्यांत तुळया खुपसून बाहेर झुकलेला लाकडी सज्जा उभारत. त्या सज्ज्याच्या तळातील फटींतून खाली भिंतीला भिडलेल्या शत्रूवर दगड टाकता येत. लाकूड कधीच नाहीसे झाले आहे. खोबणी मात्र शाबूत आहेत. पडक्या वास्तू पाहताना अशा रिकाम्या खोबण्यांकडे आवर्जून पाहावे, नाहीशा झालेल्या अर्ध्या किल्ल्याचा पत्ता त्याच सांगतात.

दाराच्या बराच वर एक दगड पुढे आलेला आहे. तो ‘फाशीचा दगड’, आणि तिथे नेहमी कोणी ना कोणी लोंबकळत असे, अशी दंतकथा आहे. माझ्या मते दाराच्या रक्षणासाठी केलेल्या बांधकामाशी या दगडाचा संबंध असणे अधिक संभवनीय आहे. पण दंतकथा निर्माण होण्याइतकी या घराण्याची दहशत होती, हेही तितकेच खरे.

१३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत डग्लसांचा दुसरा अर्ल औरस वारस न ठेवता मारला गेला आणि १३४२ च्या जुन्या वारसापत्राच्या आधारे अनौरस आर्चिबाल्ड डग्लसांचा तिसरा अर्ल झाला. १४०० च्या नाताळच्या सुमारास तो थ्रीव्ह येथेच वारला.

पुढच्या पिढीतील एका व्यक्तीकडे थ्रीव्हच्या इतिहासात फारसे कोणी पाहत नाही. राजा तिसरा रॉबर्ट याची मुलगी मार्गारेट ही चौथ्या अर्लची पत्नी. तिचा नवरा १४२४ मध्ये फ्रान्समध्ये व्हेर्नेयच्या लढाईत पडला. त्यानंतर गॅलोवेचा कारभार या विधवा राजकन्येकडे आला आणि तिने तो थ्रीव्हहून दोन दशकांहून अधिक काळ चालवला. काळे डग्लस म्हटले की दाढीवाले योद्धे आठवतात. पण या मनोऱ्याची सर्वांत दीर्घ आणि शांत राजवट एका बाईची आहे. तिची समाधी लिंक्लूडन येथील चर्चच्या अवशेषांत आहे. तेथील कोरीवकाम पाहण्यासारखे आहे.

आता वादळाकडे.

१४४० मध्ये डग्लसांचा सहावा अर्ल विल्यम जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला बालराजा दुसरा जेम्स याच्या नावाने एडिनबरा किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तिथे दोघांचा शिरच्छेद झाला. हीच ती ‘काळी मेजवानी’. ताटात काळ्या बैलाचे मुंडके आणून ठेवले आणि तोच मृत्यूचा इशारा होता, हा तपशील समकालीन नोंदीत नाही. तो पुढच्या शतकातील इतिहासलेखकांनी घातलेला आहे. आपल्या उत्तरकालीन बखरींची सवय असलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. मुंडके वगळले तरी घटना पुरेशी भयंकर आहे. या हत्येचा लाभ मात्र घराण्यातल्याच माणसाला झाला : मुलांचा चुलत आजोबा जेम्स हा सातवा अर्ल झाला. त्याचा मुलगा विल्यम हा आठवा अर्ल. त्याने मारल्या गेलेल्या मुलांच्या बहिणीशी, ‘गॅलोवेची सुंदरी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मार्गारेटशी, लग्न करून विभागलेली जहागीर पुन्हा एकत्र आणली. (ही मार्गारेट वेगळी, वरची मार्गारेट तिची आजी.)

विल्यम आता राज्यातला सर्वांत बलाढ्य सरदार होता. आणि राजा मोठा होत होता.

१४४९ मध्ये दुसऱ्या जेम्सचे लग्न गेल्डर्सच्या मेरीशी झाले. ती बर्गंडीचा ड्यूक फिलिप याच्या नात्यातली. बर्गंडी म्हणजे त्या काळची युरोपातील तोफखान्याची राजधानी. जेम्सला तोफांचे विलक्षण वेड होते आणि सासरकडून त्या वेडाला खतपाणी मिळाले. फेब्रुवारी १४५२ मध्ये त्याने विल्यमला अभयपत्र देऊन स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावले. विल्यमने इतर दोन बड्या सरदारांशी केलेला परस्पर-साहाय्याचा करार मोडावा, अशी राजाची मागणी होती. विल्यमने नकार दिला. राजाने स्वतःच्या हाताने सुरा चालवला, उरलेले काम दरबाऱ्यांनी केले. समकालीन वृत्तांतात २६ जखमांचा उल्लेख आहे. काही महिन्यांनी पार्लमेंटने ठराव केला की अर्लने आपला मृत्यू स्वतःच ओढवून घेतला! सत्तेने कायद्याकडून करून घेतलेल्या कामांची यादी कोणी केली, तर हा ठराव तिच्यात वरच्या क्रमांकावर असावा.

या संघर्षाची चाहूल थ्रीव्हच्या जमिनीत गाडली गेली होती, आणि ती सापडली तीही अगदी अलीकडे.

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक बुटकी तटबंदी आहे. तिच्या कोपऱ्यांवर तीन गोल बुरूज होते, मधोमध उचलपुलाचे प्रवेशद्वार आणि पुढे खंदक. तटाची बाहेरची बाजू पायाकडे उतरती आहे. तटात उभ्या अरुंद फटी आहेत, त्या धनुर्धरांसाठी. बुरुजांतील जंग्या निराळ्या : काही डंबेलच्या आकाराच्या, काही उलट्या किल्लीच्या भोकासारख्या, खाली गोल आणि वर फट. गोल भोकातून तोफेचे किंवा मोठ्या बंदुकीचे तोंड बाहेर काढायचे, वरच्या फटीतून नेम धरायचा. म्हणजे ही रचना बारुदासाठीच केलेली आहे. उंच भिंत हे तोफेला आयते लक्ष्य असते. म्हणून संरक्षण जमिनीकडे खाली येते, रुंद आणि उतरते होते. मनोरा आणि हा तट शेजारी उभे राहून पाहिले तर युद्धशास्त्राची दोन युगे पंधरा-वीस पावलांच्या अंतरात दिसतात.

हा तट कधीचा? जुने अभ्यासक तो १५१३ च्या फ्लॉडनच्या पराभवानंतरचा मानत. तर्क सरळ होता : इतकी प्रगत जंग्यांची बांधणी स्कॉटलंडमध्ये त्याआधी कशी असेल? मग १९७४ ते १९७८ या काळात बेटावर उत्खनन झाले. त्यात मिळालेल्या लाकडांच्या वार्षिक वलयांचा अभ्यास झाला आणि तारीख निघाली १४४७ च्या सुमाराची. एका फटक्यात तट सहा-सात दशके मागे गेला आणि ब्रिटनमधील तोफखान्यासाठी बांधलेल्या सर्वांत जुन्या तटबंद्यांमध्ये जाऊन बसला.

तारखेचा अर्थ लक्षात घ्या. १४४७ म्हणजे स्टर्लिंगच्या खुनाच्या पाच वर्षे आधी, राजाच्या लग्नाच्याही आधी. अजून उघड वैर नाही, अजून सुरा उपसलेला नाही. आणि डग्लस मात्र तोफांना तोंड देण्याची तयारी करत आहेत. उत्खननात मनोऱ्याजवळच्या मोठ्या इमारतींचे पायेही सापडले. त्या इमारती या तटासाठी पाडण्यात आल्या होत्या. आपले चांगले दिवाणखाने जमीनदोस्त करून त्या जागी कोणी तट घालतो, तेव्हा त्याला येणाऱ्या संकटाची कल्पना असते. ‘काळी मेजवानी’ विसरली गेली नव्हती, असेच यावरून मला वाटते. लेखी साधने ज्या भीतीबद्दल मौन पाळतात, ती भीती इथे एका ओंडक्याच्या वलयांतून बोलते.

१४५५ मध्ये राजाने निर्णायक मोहीम काढली. नववा अर्ल जेम्स, म्हणजे खून झालेल्या विल्यमचा भाऊ, इंग्लंडला निसटला. १ मे रोजी आर्किनहोम येथे त्याच्या भावांचा पराभव झाला. एक रणात पडला, दुसरा पकडून मारला गेला. ॲबरकॉर्नचा किल्ला राजाच्या यंत्रांनी मोडून काढला. जुलैमध्ये राजाने फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की सगळे किल्ले ताब्यात आले, एक थ्रीव्ह तेवढा उरला आहे आणि त्याला वेढा पडलेला आहे.

राजा जातीने आला. मुक्काम टंगलंडच्या मठात. मोठी तोफ गॅलोवेपर्यंत ओढून आणली गेली, तिची जबाबदारी ऑर्कनीच्या अर्लकडे होती. त्या काळी अशी तोफ हलवणे हीच एक मोहीम असे : बैल, खोदकामाला माणसे, रस्ता नसेल तिथे रस्ता. तरीही थ्रीव्ह पडेना. पळालेल्या अर्लने तो किल्ला इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीला देऊ केला आणि हेन्रीने त्याच्या मदतीसाठी पैसेही दिले, पण फौज आली नाही.

शेवटी थ्रीव्ह मिळाला. कसा? याचे उत्तर राजाच्या खजिन्याच्या हिशेबात आहे. किल्ल्यातील माणसांना दिलेल्या रकमा आणि इनामे तिथे नोंदलेली आहेत. पाणी, दगड, जंग्या आणि दारूगोळा यांचा निकाल लागेना, तो नाण्यांनी लावला. एकाकी पडलेल्या शिबंदीला फितूर म्हणावे का? धनी परागंदा, त्याचे भाऊ मेलेले, इंग्रजांची मदत कागदावर. मला तरी त्यांना दोष देववत नाही.

ऑगस्ट १४५५ च्या कायद्याने गॅलोवे आणि थ्रीव्ह कायमचे राजसत्तेला जोडले गेले. नववा अर्ल इंग्लंडच्या राजाच्या ५०० पौंडांच्या वर्षासनावर परदेशी राहिला, जवळजवळ तीस वर्षांनी १४८४ मध्ये स्वारी घेऊन आला, पकडला गेला आणि लिंडोर्सच्या मठात वारला. राजा जेम्स त्याच्या कितीतरी आधी गेला. ३ ऑगस्ट १४६० रोजी रॉक्सबर्गच्या वेढ्यात आपल्याच तोफेजवळ तो उभा होता, ती फुटली.

आता मॉन्स मेग. लोककथेनुसार ब्रॉनी किम नावाच्या लोहाराने आणि त्याच्या मुलांनी कार्लिंगवार्क येथे ही तोफ घडवली. तिचा गोळा कार्सफेर्नच्या गाईच्या वजनाचा होता. एका गोळ्याने ‘गॅलोवेच्या सुंदरी’चा मद्याचा पेला उचललेला हात तोडून नेला. राजाने खूश होऊन लोहाराला मोलान्सची जमीन दिली. तोफेला त्या जमिनीचे आणि त्याच्या बायकोचे, मेगचे, नाव पडले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ ट्रेन याने ही कथा वॉल्टर स्कॉटला कळवली, स्कॉटने ती उचलून धरली आणि मग तिला कोण अडवणार?

कागदपत्रे वेगळे सांगतात. ही तोफ आजच्या बेल्जियममधील मॉन्स येथे १४४९ मध्ये ड्यूक फिलिपसाठी घडवली गेली. लांब लोखंडी पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर तापवलेली कडी चढवायची, लाकडी पिंपासारखी, ही तिची घडण. तिचे तोंड जवळजवळ अर्ध्या मीटरचे. फिलिपने ती जेम्सला भेट पाठवली १४५७ मध्ये. थ्रीव्हचा वेढा १४५५ मध्ये संपला होता. दोन वर्षांनी आलेली तोफ दोन वर्षांपूर्वीचा किल्ला फोडू शकत नाही. वेढ्यात मोठी तोफ होती हे खरे, पण ती ही नव्हे. मेग आज एडिनबरा किल्ल्यावर आहे. १६८१ मध्ये सलामी देताना तिचे एक कडे फुटले, त्यानंतर ती कामाची उरली नाही.

दंतकथा इतकी का रुजली, याचा मी बराच विचार केला. लाच देऊन घेतलेल्या किल्ल्याचे गाणे होत नाही. गाईएवढा गोळा, तुटलेला हात, गावचा लोहार : यांचे होते. शिवाय तीत राजाचा विजय गॅलोवेच्याच माणसाच्या हातून होतो, म्हणजे हरलेल्या प्रांतालाही मानाचे पान मिळते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १५२६ पासून मॅक्सवेल घराणे थ्रीव्हचे वंशपरंपरागत किल्लेदार झाले आणि परिसरातील प्रत्येक पॅरिशकडून त्यांना बेगमीसाठी एक पुष्ट गाय मिळे. १६४० मध्ये पहिल्या चार्ल्सच्या बाजूने लढणाऱ्या मॅक्सवेलांच्या शिबंदीने कव्हेनंटर पक्षाच्या फौजेला सुमारे तीन महिने दाद दिली नाही. राजाची परवानगी आल्यावरच दार उघडले. विजेत्यांनी छप्पर आणि आतली व्यवस्था मोडून किल्ला निकामी केला. आज आपण पाहतो ती पडझड बरीचशी तेव्हाची आहे. नेपोलियनशी युद्ध चालू असताना इथे फ्रेंच कैदी ठेवले होते. १९१३ पासून वास्तू सरकारी देखरेखीखाली आहे. आणि शेजारचे कॅसल डग्लस हे गाव? ते काळ्या डग्लसांनी वसवलेले नाही. कार्लिंगवार्क हे त्याचे जुने नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डग्लस नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ते बदलून आपले आडनाव दिले.

बेटावर जायला आजही पूल नाही. शेतांतून चालत काठावर यायचे, तिथे टांगलेली घंटा वाजवायची. मग पलीकडून नावाडी छोटी होडी घेऊन येतो.

पुढचा धागा कॅर्लाव्हरॉकवर, त्रिकोणी आराखड्याचा किल्ला. तोही मॅक्सवेलांचाच.